आठ मिनिटांचं लातूर

मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा लातूरला होता. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. आदल्या दिवशी आमच्या नांदेडच्या घरी निघायच्या वेळेवरून जी चर्चा चालू होती, तिच्यात पुण्याहून आलेल्या भाच्यानं मोबाईल पुढं केला.

"मामा, हे बघा. नांदेड ते लातूर हवाई अंतर ११५ किलोमीटर. लागणारा वेळ, आठ मिनिटं."

"कोण म्हणतं?"

"कॅल्क्युलेटर म्हणतो. दोन्ही गावांची नावं टाकायची, तो सांगतो."

आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "आठ मिनिटांत तर ह्यांना चप्पल सापडत नाही."

मी शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांशांचा अपमान मी सहन करत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. अंतर बरोबर होतं. नकाशावर पट्टी ठेवली तर नांदेडपासून नैऋत्येला ११५ किलोमीटरवर लातूर सापडतं. आठ मिनिटंही बरोबर होती. ताशी ९०० किलोमीटरनं भागाकार केला की आठच येतात. चूक एवढीच होती, की तो कॅल्क्युलेटर नांदेडच्या छतावरून थेट ९०० च्या वेगानं निघत होता आणि त्याच वेगानं माझ्या सासऱ्यांच्या ओसरीत घुसत होता. खरं विमान वर चढायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतं. म्हणजे ते पुरतं वर जायच्या आत लातूर मागं पडून तुळजापूर आलेलं असणार. पट्टा कसा बांधायचा, तोंडावर नळी कशी लावायची, हे विमानातली बाई हातवारे करून सांगेस्तोवर चाकूर गेलेलं. चहाचं तर नावच नको.

भाचा म्हणाला, "पण तत्त्वतः आठ मिनिटं."

तत्त्वतः आमच्याकडं पुष्कळ गोष्टी आहेत. विमानतळ दोन्ही गावांना आहे. धावपट्ट्या चांगल्या दोन-दोन किलोमीटरच्या वर लांब आहेत. २००९ साली नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती अशी पाच विमानतळं एकाच कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली होती. एका घरात पाच पोरी दिल्यासारखं झालं. त्यातली नांदेडची त्यातल्या त्यात नांदली. तिला गुरुद्वाऱ्याचा आधार. २००८ साली गुरू-ता-गद्दीची तीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं विमानतळाचं रूप पालटलं. पुढं २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेत नांदेड–हैदराबाद विमान सुटलं. हवाई चप्पल घालणाऱ्यानंही आता हवाई जहाजात बसावं, असं त्या योजनेचं सांगणं होतं. नांदेडकर अधूनमधून बसतो. विमान चालू असलं तर बसतो, बंद पडलं तर चालू होण्याची बातमी वाचत बसतो. लातूरकराच्या वाट्याला मात्र त्या सांगण्यातली चप्पल तेवढी आली. रोजचं, तिकीट काढून बसायचं विमान लातूरला नाही. निवडणुका आल्या की पुढाऱ्यांची विमानं-हेलिकॉप्टरं उतरतात आणि पोरं ती बघायला कुंपणापाशी गोळा होतात.

त्याच २०१७ च्या मे महिन्यात निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं. सुदैवानं सगळे सुखरूप राहिले. आमचे सासरे तेव्हापासून हवाई प्रवासाचा विषय निघाला की एवढंच म्हणतात, "आपली एसटी बरी. पडली तर खड्ड्यात पडती. वरून पडत नाही."

तरी भाच्याच्या समाधानासाठी मी विमानाचा मार्ग काढून दाखवला. नांदेडहून विमान मिळेल त्या दिवशी हैदराबादला जायचं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिथं उतरून, बॅग घेऊन, गाडी करून लातूरकडं यायचं, ते तीनशेच्या घरात. म्हणजे आठ मिनिटांचं लातूर गाठायला सकाळी निघालेला माणूस साडेपाचशे किलोमीटर फिरून संध्याकाळी पोचणार आणि त्याला साखरपुड्याचा थंड झालेला भात मिळणार. नांदेडहून लातूरला जायच्या सगळ्या मार्गांत विमानाचा मार्ग सगळ्यात लांबचा आहे.

"मग रेल्वे?" भाचा म्हणाला.

मी खुर्चीत नीट बसलो. हा माझा आवडता धडा.

नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. लातूरला तर डबे बनवायचा कारखानाच दिला. २०१८ साली त्याची पायाभरणी झाली. एका गावात रेल्वेचे साहेब, दुसऱ्या गावात रेल्वेचे डबे. आता ह्या दोघांमध्ये सरळ रूळ नसेल असं कुणाला वाटेल? लोहा-अहमदपूरवरून लोहमार्ग करा, ही मागणी इतकी जुनी आहे, की मागणी करणाऱ्यांची नातवंडं आता निवेदनं टाईप करून देतात. सध्या गाडी जाते ती अशी: लातूर आहे नैऋत्येला, म्हणून ती निघते वायव्येला. पूर्णा घेते, परभणी घेते. परभणीला गेल्यावर तिला आपण कुठं निघालो होतो ते आठवतं. मग गंगाखेडवरून परळीला येऊन वैजनाथाचं दर्शन घेते आणि तिथून दक्षिणेला उतरते. रस्त्यानं १४० ते १४५ किलोमीटर असलेलं गाव रेल्वेनं सव्वादोनशेच्या जवळ जातं. मधे तीन विभागांची हद्द लागते: नांदेड, सिकंदराबाद, सोलापूर. पासपोर्ट विचारत नाहीत, एवढंच.

आणि शेवटी 'लातूर रोड' येतं. आमच्या लग्नात नागपूरकडचे एक काका ह्या स्टेशनवर 'लातूर' एवढंच वाचून उतरले होते. नवरदेवाकडचे म्हणून त्यांना वाटलं, बँड घेऊन कुणीतरी येईल. लातूर रोड हे चाकूरच्या बाजूचं जंक्शन. लातूर तिथून पुढं तेहतीस किलोमीटर. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढं 'रोड' लागलं, की त्याचा अर्थ गाव इथं नाही, इथून गावाकडं रस्ता जातो एवढाच. काका त्या रस्त्यानं जीपमध्ये, मग ट्रॅक्टरवर, असे करत आले. अक्षता संपल्या होत्या. पंगतीला मात्र वेळेवर पोचले आणि जेवताना म्हणाले, "स्टेशन चांगलंय. गाव तेवढं जवळ घ्यायला पाहिजे होतं."

लातूरला रेल्वे आली तीच मुळी उलट्या दिशेनं. बार्शी लाईटची नॅरोगेज गाडी १९११ साली कुर्डूवाडीकडून लातुरात पोचली. अडीच फुटांचा रूळ, खेळण्यासारखे डबे. सासरे सांगतात, की चढावर ती इतकी दमायची, की लोक खाली उतरून हरभरा उपटायचे आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचे. नॅरोगेजवाल्या प्रत्येक गावात ही गोष्ट आहे आणि प्रत्येक गावात ती घडलेली आहे. सांगायचं असं, की लातूरचं तोंड तेव्हापासून बार्शी-सोलापूर-पुण्याकडं आणि नांदेडचं हैदराबादकडं. दोन शेजारी पाठीला पाठ लावून बसले, तर मधली भिंत पातळ असून काय उपयोग! २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते मिरजेहून. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नांदेडची गोदावरी १४० किलोमीटरवर होती. पण त्या वर्षी नांदेडकरही तिच्या पात्रात उभं राहून फोटो काढत होता, पाय न भिजवता, हेही सांगायला पाहिजे.

लातूरहून नांदेडला मधे कुठंही न थांबता गेलेली एकच वस्तू माझ्या माहितीत आहे. मुख्यमंत्र्यांची खुर्ची. ती दोनदा गेली. १९८६ च्या मार्चमध्ये लातूरच्या शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी राजीनामा दिला आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण बसले. २००८ च्या डिसेंबरात लातूरच्या विलासराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि नांदेडचे अशोक चव्हाण बसले. महाराष्ट्रात एवढे जिल्हे, पण खुर्ची निघाली की लातूर–नांदेड विनाथांबा. लोहा नाही, अहमदपूर नाही, चहा नाही. आणि परतीचा फेरा एकदाही झाला नाही. नांदेडहून निघालेली खुर्ची सांगली, बारामती, कऱ्हाड अशी कुठंकुठं गेली, लातूरला आली नाही. सासऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे. दिवाळसणाला जावयाच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढताना ते अजून म्हणतात, "घ्या जावईबापू. घ्यायची सवयच हाय तुमच्या गावाला."

यावर मी विद्यापीठाचा विषय काढत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झालं, आणि लातूरच्या पोरांना मार्कमेमोवरचं नाव दुरुस्त करायलाही विष्णुपुरी गाठायची पाळी आली. ज्या गावानं 'लातूर पॅटर्न' म्हणून सगळ्या महाराष्ट्राला मार्क कसे पाडायचे ते शिकवलं, त्या गावाची गुणपत्रिका नांदेडच्या शिक्क्यानं निघते. घाव मोठा आहे. पुढं लातूरला उपकेंद्र झालं, पण ते मलमपट्टीसारखं.

आयुक्तालयाचा विषय मात्र सासरेच काढतात. २००९ साली नांदेडला नवं विभागीय आयुक्तालय करायचं ठरलं. लातूर म्हणालं, आमच्याकडं का नाही? बंद झाले, मोर्चे झाले, कोर्ट झालं. आज ते नांदेडलाही नाही आणि लातूरलाही नाही. महसुलाचं मोठं काम निघालं की दोन्ही गावची माणसं छत्रपती संभाजीनगरला जातात, अडीचशे किलोमीटरच्या पुढं. एकमेकांकडं १४० किलोमीटर जायला लागू नये म्हणून दोघं मिळून पाचशेवर किलोमीटर जातात आणि तिथल्या कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर बसून दोघं आपापल्या गावच्या पाण्याची तक्रार करतात. भूगोलाच्या पुस्तकात मी अंतराचे दोन प्रकार शिकवत होतो, हवाई आणि रस्त्याचं. हे तिसरं अंतर अभ्यासक्रमात नव्हतं.

तर शेवटी एसटी.

सकाळी सातची गाडी धरायची ठरली. गाडी पावणेआठला लागली. कंडक्टरला विचारलं, "लातूरला किती वाजतील?" तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, गाडी सुटू तर द्या." मी शिकवलेल्या सगळ्या भूगोलापेक्षा ह्या वाक्यात अर्थ जास्त होता.

तिकिटाचं सांगतो. सरकारनं बायकांना अर्धं तिकीट केलं, त्यामुळं सौ. अर्ध्यात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, त्यामुळं आमच्या शेजारचे आप्पा, ज्यांना लातूरला काहीएक काम नव्हतं, तेही आमच्याबरोबर निघाले होते. पासष्टच्या पुढं अर्धं. मी बासष्टचा. माझ्या म्हातारपणाला अजून तीन वर्षांचं अंतर आहे आणि ते एसटी अगदी अचूक मोजते. पूर्ण तिकीट एका माणसाचं, बाकी गाडी सवलतीत.

विष्णुपुरी गेलं. डोळा लागेस्तोवर सोनखेड आलं. लोह्याला गाडी स्टँडात गेली आणि एक बाई चढली, तिच्याबरोबर दोन कोंबड्या आणि एक कूलर. कूलर कुठं ठेवायचा यावर गाडीतल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि प्रत्येकानं ते सांगितलं. सात मिनिटं. कॅल्क्युलेटरच्या हिशेबानं आम्ही एव्हाना लातूरला उतरून चपला काढत होतो.

पुढं माळेगाव. मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल, तमाशाचे फड, सगळं रस्त्याच्या दोन्ही अंगांना. त्या दिवसांत नांदेड–लातूर अंतर किती, हे खंडोबा ठरवतो. एकदा आमची गाडी इथं पाऊण तास उभी होती, कारण पुढं एक घोडा विकत घेतलेल्या माणसाबरोबर जायला तयार नव्हता. त्याला ओढणारे दमले, ढकलणारे दमले, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. शेवटी जुन्या मालकानं कानात काहीतरी सांगितलं, तसा तो चालू लागला. गाडीतले सगळे मालकाकडं असे बघत होते, की ह्याला महामार्गाच्या खात्यात घ्यायला पाहिजे.

महामार्गाचा नंबर ३६१. नागपूरकडून तुळजापूरला जाणारा. तो रुंद होत होता त्या वर्षांत मी ह्या रस्त्यावर जेवढी माती खाल्ली, तेवढी लहानपणीही खाल्ली नव्हती. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा एक फलक होता. तो इतकी वर्षं उभा राहिला, की त्याच्याच शेजारी थांबा तयार झाला. लोक कंडक्टरला सांगायचे, "दिलगीरला उतरायचंय." आता रस्ता बराच सुधारलाय. गाडी पळते. गावांना बाहेरून वळसा मिळालाय. पण एसटीला वळसा मानवत नाही. ती गावात शिरते, स्टँडात एक गोल फेरी मारते, कुणी चढो न चढो, आणि बाहेर येते. माहेरवाशिणीनं प्रत्येक घरी कुंकू लावून घ्यावं तसं.

अहमदपूरला "दहा मिनिटं!" असं ओरडून ड्रायव्हर-कंडक्टर दोघं उतरले. इथं अर्धं अंतर सरतं. आणि इथंच माझं खरं मोजमाप असतं, ते कानाचं. नांदेडला माणूस "कुठं जायलात?" असं विचारतो. अहमदपूरच्या कँटीनमध्ये नांदेडचं आणि लातूरचं बोलणं, दोन्ही ऐकू येतं. शिरूर ताजबंद सोडलं, की मागच्या सीटवरचा माणूस फोनवर "येऊलालोय की, येऊलालोय!" म्हणायला लागतो. क्रियापदाचं शेपूट बदललं, की ओळखायचं, सासुरवाडी जवळ आली. चाळीस वर्षांत मी ह्या मार्गावर मैलाचे दगड कधी बघितले नाहीत. बायकोकडंच लक्ष ठेवतो. नांदेडला "काय करायलात?" म्हणणारी बाई चाकूरला "काय करूलालाव?" म्हणते, तिला स्वतःला ते कळत नाही, आणि आष्टामोडला पोचेस्तोवर तिचा आवाजही दोन पट्ट्या वर गेलेला असतो. परत येताना आवाज त्याच ठिकाणी खाली येतो.

आष्टामोडला भाच्याचा फोन आला. तो पोरगा स्वतःची मोटार घेऊन आमच्या मागून दोन तासांनी निघणार होता, रस्त्यानं अडीच तास दाखवतोय म्हणाला होता.

"मामा, कुठं आलात?"

"हे काय, लातूरमध्येच." आष्टामोड म्हणजे लातूरमध्येच. अजून वीसेक किलोमीटर असतील, पण ती आमच्याकडं मोजत नाहीत. "तू?"

"मी लातूर रोडला. मॅपनं आणलं इकडं. गाव कुठंय?"

सौ. नी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "तिथंच थांब. बँड पाठवते."

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. बारा पस्तीसचा मुहूर्त टळला असेल म्हणून मी घाईनं आत गेलो, तर भटजीच अजून आले नव्हते. ते येणार होते औशाहून. औसा वीस किलोमीटर. ते सकाळपासून "निघालोच" होते.

सासरे ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी नेहमीचं विचारलं, "किती वेळ लागला?"

"सात ते एक. सहा तास."

"बरं झालं. एवढ्या लांब दिली पोरगी, तेव्हाच मी म्हणालो होतो."

"मामा, विमानानं आठ मिनिटं आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आकाशाकडं बघितलं. म्हणाले, "आठ मिनिटावर असता, तर तुम्ही रोज आला असता." आणि पंगतीला चला म्हणाले.

परतीच्या प्रवासाचं अंतर वेगळं आहे. ते "निघतो आता" ह्या शब्दांपासून मोजायचं असतं. मी चारला "निघतो" म्हणालो. मग चहा. मग सौ. ची ओटी. मग सासूबाईंनी तूरडाळ काढली. लातूरच्या बाजारात महाराष्ट्राची तूर येते, आणि त्यातली पाच किलो दर खेपेला माझ्या मांडीवर बसून नांदेडला जाते. नांदेडला डाळ मिळते, हे मी पहिल्या वर्षी सांगून बघितलं होतं. सासूबाई तेव्हा दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मग डाळीच्या पिशवीला दुसरी पिशवी, त्या पिशवीला सुतळी, सुतळी कापायला विळी, विळी शोधायला मेव्हणीचा मुलगा. सहा वाजता मी स्टँडवर होतो.

पश्चिमेला सूर्य टेकला होता. माझ्यातला मास्तर जागा झाला. नांदेड आणि लातूरच्या रेखांशात पाऊण अंशाचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य नांदेडहून लातूरला येतो तीन मिनिटांत. कॅल्क्युलेटरच्या विमानापेक्षाही पाच मिनिटं आधी. पिढ्यान् पिढ्या रोज येतोय, एकदाही उशीर नाही. मात्र तोही एकाच बाजूनं जातो, लातूरहून नांदेडला परत यायचं झालं तर बिचाऱ्याला सगळ्या पृथ्वीला वळसा घालावा लागतो. आमच्या रेल्वेसारखंच.

"नांदेड, नांदेड, अहमदपूर, लोहा, नांदेड!" सकाळचाच कंडक्टर होता. त्यानं मला ओळखलं, मांडीवरच्या डाळीकडं बघितलं.

"काका, खिडकीपाशी बसा. आणि ती पिशवी वर नका ठेवू. मागच्या खेपेला एकाची फुटली, लोह्यापर्यंत सगळे निवडत बसले होते."

मी विचारलं, "नांदेडला किती वाजतील?"